डिस्क ‘रेडी’ झाली हे कम्प्युटर कशावरून ठरवतो?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची लाईट एकदम गेली होती ते आठवत असेल, कळवा-पडघा लाईनचं नाव तेव्हा सगळ्या बातम्यांत होतं. काही तासांनी लाईट आली आणि किती पीसी, सोसायट्यांचे सीसीटीव्ही, छोट्या ऑफिसांचे सर्व्हर थोड्याफार अंतराने सुरू झाले असतील विचार करा. त्या प्रत्येक मशीनला सुरू होताना एक गोष्ट ठरवावी लागते जिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही: डेटा ज्या डिस्कवर आहे ती तयार झाली का? मला हा ऑपरेटिंग सिस्टमच्या कामातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, कारण वरून प्रश्न एकदम सोपा दिसतो आणि आत शिरलं की कळतं याचं पूर्ण उत्तर कोणाकडेच नाहीये.

आधी डिस्कचं बघू. हार्ड डिस्कमध्ये खरोखरच्या तबकड्या असतात, त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांच्या स्पीडला यायला काही सेकंद जातात, आणि तोपर्यंत डिस्क वाचता येत नाही. सुरू होताना ती करंटही जास्त खाते, म्हणून ऐरोली-महापेला डेटा सेंटरमध्ये असतात तसे एकेका खोक्यात डझनभर डिस्कवाले सर्व्हर घेतले तर त्यात डिस्क एकदम न फिरवता थोड्या थोड्या अंतराने फिरवायची सोय असते, नाहीतर पॉवर सप्लायवर एकदम ताण येतो. म्हणजे एकाच मशीनमधल्या डिस्कसुद्धा वेगवेगळ्या वेळी तयार होणार हे पहिल्यापासून धरूनच चालायचं.

मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, काय करतो, तर विचारतो. डिस्कशी बोलायच्या स्कझी नावाच्या जुन्या पद्धतीत यासाठी ‘टेस्ट युनिट रेडी’ अशी एक कमांडच आहे, तिचा नंबर शून्य. यूएसबी पेन ड्राइव्हशीसुद्धा आजही याच भाषेत बोलणं होतं. डिस्क तयार नसेल तर ती नुसतं नाही म्हणत नाही, कारण पण सांगते आणि हे मला फार आवडतं: ४ आणि १ असे आकडे आले तर ‘तयार होतेय, थांब’, ४ आणि २ आले तर ‘मला आधी सुरू करायची कमांड दे’, ४ आणि ३ म्हणजे ‘माणसाने येऊन बघायला पाहिजे’. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम घेतली तर तिचा कर्नल या उत्तरावरून पुढचं ठरवतो. सुरू करायची कमांड लागणार असेल तर ती देतो, ‘स्पिनिंग अप डिस्क’ असं लिहितो आणि दर सेकंदाला एक टिंब टाकत १०० सेकंदांपर्यंत वाट बघतो, पण माणूस लागणार असेल तर लगेच सोडून देतो, कारण तिथे थांबून काही होणार नसतं. स्लो फर्मवेअरच्या (ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅमच्या) पेन ड्राइव्हसाठी त्याच कोडमध्ये वेगळे ५ सेकंद ठेवलेत. नियमाप्रमाणे त्या ड्राइव्हनी असं उत्तर द्यायलाच नको, पण बाजारात तसे ड्राइव्ह आहेत म्हटल्यावर कोणीतरी बसून त्यांचीही सोय केली.

एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी नवी फास्ट डिस्क, तिला तबकड्या नाहीत तरी तिलाही वेळ लागतो. तिथे कर्नल एक बिट १ करून ‘चालू हो’ सांगतो आणि दुसरा ‘रेडी’ बिट १ व्हायची वाट बघतो, आणि जास्तीत जास्त किती थांबायचं ते एसएसडीने स्वतःच आधी लिहून ठेवलेलं असतं, अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या मापात.

इथपर्यंत ठीक आहे, कारण डिस्क समोर दिसतेय आणि तिलाच विचारता येतंय. खरी पंचाईत पुढे आहे. अजून दिसलीच नाही अशी डिस्क येणार आहे का, हे कोणाला विचारणार? यूएसबीच्या हबला अजून एक हब, त्याच्यामागे एक ड्राइव्ह, तो जागा व्हायला चार सेकंद घेणार, आणि कर्नलकडे कसलीच यादी नाही की आज अमुक इतक्या डिस्क येणार आहेत. ‘सगळी डिव्हाइस आली’ असा क्षणच नसतो. म्हणून बूट स्क्रिप्टमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या सूचनांत) दहा सेकंद थांबा असं लिहिणं मला चुकीचं वाटतं, फास्ट मशीनवर ते दहा सेकंद वाया जातात आणि स्लो मशीनवर तरीही कमी पडतात.

आपल्याकडे लग्नात सगळे पाहुणे यायची वाट कोणी बघत नाही, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धे अडकलेलेच असतात. नवरा-नवरी, भटजी आणि मामा आले ना, मग धरा अंतरपाट. आजचा लिनक्स तेच करतो, किती आले ते मोजत नाही, ज्याच्यावाचून अडणार आहे तेवढं आलं का बघतो. आणि ओळखतो ते यूयूआयडीवरून, म्हणजे डिस्कवरच लिहिलेल्या तिच्या खास ओळख नंबरवरून, कारण लिनक्स डिस्कना देतो ती एसडीए-एसडीबी ही नावं ज्या क्रमाने डिस्क सापडतात त्या क्रमाने मिळतात आणि पुढच्या बूटला अदलाबदल होऊ शकतात. नवीन डिस्क दिसली की कर्नल निरोप पाठवतो, यूडेव नावाचा प्रोग्रॅम डिस्क उघडून वाचतो (फाइली ठेवायची एक्स्ट-४ ही पद्धत असेल तर १०२४ व्या बाइटपासून सुपरब्लॉक, म्हणजे डिस्कच्या माहितीचा तुकडा, सुरू होतो, त्यातच तो १६ बाइटचा यूयूआयडी), आणि बूटचं सगळं काम सांभाळणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅमला कळवतो की तू ज्याच्यासाठी थांबलायस तो आला.

नौपाड्यात एका ओळखीच्या फोटोग्राफरचा लिनक्सवाला पीसी अचानक बूट होताना दीड मिनिट अडकायला लागला होता. स्क्रीनवर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ आणि पुढे सेकंद मोजतायत, ९० झाले की पीसी सरळ इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे नेहमीचा डेस्कटॉप न येता नुसती दुरुस्तीची काळी स्क्रीन. त्याला वाटलं मदरबोर्ड गेला. झालं होतं इतकंच की बॅकअपची जुनी डिस्क त्याने काढून ठेवली होती आणि कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये तिची ओळ तशीच होती, मग सिस्टमडीसाठी ती ‘पाहिजेच’ यादीत. त्या ओळीत ‘नोफेल’ (nofail, म्हणजे ही नसली तरी अडू नको) लिहिलं आणि बूट पुन्हा पहिल्यासारखं. बाहेरची, कधी असते कधी नसते अशी कुठलीही डिस्क असेल तर हा शब्द घालाच.

रेडमध्ये (RAID, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक म्हणून वापरणं) प्रश्न अजून अवघड होतो. दोन डिस्कवर एकच डेटा ठेवलाय, एक आली, दुसरी नाही. लगेच एकीवर सुरू केलं आणि दुसरी पाच सेकंदांनी आली तर दोघींमधला डेटा उगाच वेगळा झाला, आणि थांबूनच राहिलं तर रेड लावून उपयोग काय, एक डिस्क मेली तरी काम चालावं म्हणून तर ते लावलं. लिनक्समध्ये रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या प्रोग्रॅममध्ये यासाठी ३० सेकंदांचा टायमर असतो, त्याचं नावच ‘लास्ट रिसॉर्ट’, तेवढ्यात दुसरी आली नाही तर आहे त्या एका डिस्कवर सुरू. हे ३० म्हणजे माणसाने लावलेला अंदाज आहे आणि घरच्या दोन डिस्कसाठी मला तो बरोबर वाटतो, पण डिस्क एकामागून एक फिरवणाऱ्या मोठ्या खोक्यात कमी पडू शकतो, तिथे वाढवून घ्यावा. घरी रेड लावणार असाल तर डेटा भरायच्या आधी पीसी बंद करून एका डिस्कची केबल काढा आणि बूट करून बघा. अर्धा मिनिट थांबून सुरू झाला आणि रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये एका ‘यू’च्या (चालू डिस्कच्या खुणेच्या) जागी अंडरस्कोर दिसला तर सगळं नीट लागलंय, परत बंद करा, केबल लावा आणि ती डिस्क स्वतः कमांड देऊन रेडमध्ये जोडून घ्या.