पीएफची पेन्शन: अठ्ठावन्नच्या आधी दोन वर्षं करायचं काम

माझ्या दाजींचा पेन्शनचा अर्ज पहिल्यांदा फेटाळला गेला, तेव्हा पोर्टलवर एकच ओळ होती: पात्र सेवा दहा वर्षांपेक्षा कमी. माणूस तेवीस वर्षं लेथवर उभा राहिलेला. ताईने तीनदा चष्मा पुसून ती ओळ वाचली.

झालं होतं ते असं. पहिली कंपनी २०१२ मध्ये बंद पडली. मधली तीन वर्षं मिळेल तिथे, पीएफशिवाय काम. २०१५ पासून दुसरी कंपनी, तिथे नवा यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, मिळाला. यूएएन आला २०१४ मध्ये, त्यामुळे त्याआधीच बंद पडलेल्या कंपनीतलं खातं त्याला जोडलंच गेलं नव्हतं. पीएफ ऑफिसच्या संगणकाला दिसत होती फक्त नवी नोकरी, नऊ वर्षं एक महिना. शेवटी पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, पहिल्या कंपनीची वार्षिक पीएफ स्लिप सापडली. चार घड्या पडलेली, पण खाते क्रमांक वाचता येत होता. त्या एका कागदावर पुढचं सगळं उभं राहिलं. तरी आठ महिने गेले.

खासगी कंपनी, सहकारी संस्था, साखर कारखाना अशा ठिकाणी पीएफ कापला जातो त्यांना लागू असणारी ही योजना म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५, बोलीत ईपीएस-९५. ती १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. माझं म्हणणं एवढंच की यातला १०-डी, म्हणजे पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म, भरणं हे सगळ्यात सोपं काम आहे. अर्ज अडतो तो त्याच्या आधीच्या नोंदींमध्ये, आणि त्या दुरुस्त करायला नोकरीत असतानाच वेळ काढायला हवा.

कोण पात्र

वयाची ५८ वर्षं पूर्ण आणि किमान १० वर्षांची पेन्शनपात्र सेवा. सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे साडेनऊ वर्षांची सेवा दहा मोजली जाते. दाजींची एकटी नवी नोकरी पाच महिन्यांनी कमी पडत होती ती इथेच. सेवा एकाच कंपनीतली असण्याची गरज नाही, सगळ्या नोकऱ्यांची बेरीज होते. अट एवढीच की त्या जोडलेल्या असाव्यात. बिनपगारी रजा, संप, ले-ऑफ यांचे दिवस ‘एनसीपी’, म्हणजे पीएफ न भरलेले दिवस, म्हणून वजा होतात. उलट साखर कारखान्यासारख्या हंगामी उद्योगात वर्षातले काही महिनेच काम केलं असलं तरी ते पूर्ण वर्ष धरायची तरतूद आहे. हंगामी कामगारांपैकी फार थोड्यांना ही गोष्ट कोणी सांगितलेली असते.

५० वर्षांनंतर लवकर पेन्शनही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितक्या वर्षांमागे ४ टक्के कपात, आणि ती कायमची. याउलट ५८ ला न घेता ६० पर्यंत थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ. नोकरी चालू असली तरी ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शन मागता येते, राजीनामा द्यावा लागत नाही. त्या वयानंतर कंपनीने पेन्शन खात्यात पैसे भरायचे नसतात, सगळा वाटा पीएफमध्ये जायला हवा. पगारपत्रक करणाऱ्याच्या नजरेतून हे निसटलं की अर्जाच्या वेळी तेही निस्तरावं लागतं.

आणि एक सापळा. नोकरी बदलताना नेट कॅफेवाला सहज विचारतो, ‘पेन्शनचे पैसे पण काढायचे ना?’ तो भरतो तो १०-सी फॉर्म. दहा वर्षांच्या आत तो भरून पैसे घेतले की तेवढी सेवा पुसली गेली. हातात येतात थोडे हजार, आणि पुढे अठ्ठावन्नला बेरीज सात-आठ वर्षांवर अडते. पैसे न काढता त्याच १०-सी वर स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, त्याने सेवा जिवंत राहते. दहा वर्षं उलटल्यावर तर पेन्शनचे पैसे काढताच येत नाहीत, सर्टिफिकेटच घ्यायचं.

किती मिळणार

सूत्र साधं दिसतं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, आणि कमाल मर्यादा १५,००० रुपये. सगळे इथेच फसतात. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची आहे, त्याआधी ती ६,५०० होती, आणि सेवेचे दोन तुकडे करून दोन्ही मर्यादा वेगळ्या लावल्या जातात. समजा, एखादी बाई सप्टेंबर २००६ ला लागली आणि ऑगस्ट २०२४ अखेर ५८ वर्षांची झाली. पगार दोन्ही काळांत मर्यादेच्या वर. पहिली आठ वर्षं ६,५०० ने, म्हणजे ७४३ रुपये, नंतरची दहा वर्षं १५,००० ने, म्हणजे २,१४३. बेरीज महिना २,८८६. ती मात्र अठराच्या अठरा वर्षं १५,००० ने गुणून ३,८५७ चा हिशेब मनात धरून बसलेली असते. मग ‘ऑफिसने पैसे खाल्ले’ असं वाटतं. खाल्लेले नसतात, नियमच तसा आहे. तो योग्य आहे का, हा वेगळा वाद.

सेवा २० वर्षं किंवा जास्त असेल तर दोन वर्षं वाढवून धरतात. किमान पेन्शन १,००० रुपये, ही रक्कम सप्टेंबर २०१४ पासून आहे. सरकारी नोकरांसारखं अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी विकणं, इथे २००८ मध्ये बंद झालं.

आपल्या नोंदी बरोबर आहेत का ते पीएफ पासबुकात पाहता येतं. तिथे पेन्शनचा वेगळा रकाना असतो. पगार मर्यादेच्या वर असेल तर ऑगस्ट २०१४ पर्यंत महिन्याला ५४१ आणि त्यानंतर १,२५० असे आकडे ओळीने दिसायला हवेत. मध्येच शून्य दिसलं तर कंपनीला लगेच विचारा. पाच वर्षांनी विचारायला गेलात तर त्या टेबलावर दुसराच माणूस बसलेला असेल.

नाव, आडनाव आणि एक जून

आपल्याकडे अर्ज अडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कंपनीच्या रजिस्टरला बापाचं नाव गायब. लग्नानंतर बायकांचं तर नाव, मधलं नाव, आडनाव तिन्ही बदललेलं. संगणकाला ‘पाटील रामचंद्र’ आणि ‘रामचंद्र पाटील’ ही दोन माणसं वाटतात.

जन्मतारखेचं त्याहून अवघड. गावाकडच्या गुरुजींनी पोराला शाळेत घालताना सोयीने १ जून लिहिलं, त्यामुळे एक पिढीच्या पिढी एक जूनला जन्मली आहे. नोकरीला लागताना त्याच माणसाने आईने सांगितलेली, पोळ्याच्या आसपासची तारीख टाकलेली असते. पीएफ ऑफिस आधार हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून जानेवारी २०२४ पासून धरत नाही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं गुणपत्रक, पॅन, पासपोर्ट यांपैकी काहीतरी लागतं. माझा सल्ला: शाळेचा दाखला प्रमाण माना आणि आधार, पॅन, पीएफ तिन्ही त्याच्याशी जुळवून घ्या.

दुरुस्ती होते ती ‘जॉइंट डिक्लेरेशन’ने, सदस्य आणि कंपनीच्या संयुक्त अर्जाने. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी पडताळलेला असेल तर बहुतेक बदल आता कंपनीशिवाय, पोर्टलवरूनच होतात. जुन्यांना कंपनीची संमती लागते. कंपनी बंद पडली असेल तर राजपत्रित अधिकारी, बँक मॅनेजर, दंडाधिकारी अशांकडून साक्षांकन करून पीएफ ऑफिसात द्यावं लागतं. पूर्ण नाव बदललेलं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी जोडावी.

नोकरी सोडल्याची तारीख हाही रकाना बघा. कंपनीने ती भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतः भरता येते.

कागद आणि अर्ज

पती-पत्नीचा जोडफोटो (दाजींनी यासाठी नवा शर्ट शिवला), बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक, दोघांचं आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, २५ वर्षांखालच्या मुलांचे जन्मदाखले, जुनं स्कीम सर्टिफिकेट असेल तर मूळ प्रत. कागदी अर्जासोबत सही, अंगठ्याचे ठसे आणि अंगावरच्या ओळखखुणांचं पानही असतं. बँक खातं आपल्या नावाचं आणि चालू असावं. जानेवारी २०२५ पासून देशभर केंद्रीय वाटप पद्धत आल्यामुळे ठरावीक बँकेतच खातं उघडण्याची सक्ती गेली.

अर्ज सदस्य पोर्टलवरून १०-डी निवडून करता येतो. सहीऐवजी आधारचा ओटीपी लागतो, म्हणून आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा. मुलाच्या जुन्या नंबरवर ओटीपी जात असेल आणि मुलगा दुबईला असेल तर आधी आधार केंद्र गाठा. पीएफची जमा रक्कम काढायला १९ नंबरचा फॉर्म वेगळा. दोन्ही एकदम भरले तरी चालतात, पण पेन्शनच्या जागी १०-सी टिचकवला गेला नाही ना, एवढं डोळ्यांनी बघा.

कोणत्या ऑफिसात जायचं हे घराच्या पत्त्यावर ठरत नाही. मेंबर आयडी, म्हणजे २२ अक्षरांचा पीएफ खाते क्रमांक, त्यातली पहिली पाच अक्षरं ते सांगतात. ‘पी-यू-पी-यू-एन’ असेल तर पुणे, ‘एम-एच-बी-ए-एन’ असेल तर वांद्रे. दाजी आधी घराजवळच्या ऑफिसात दोन खेपा घालून आले होते.

खिडकीवर

तिथली माणसं वाईट नसतात, पण तोंडी उत्तर देतात, आणि तोंडी उत्तराची कुठे नोंद नसते. ‘नंतर या’ म्हटलं तर काय घेऊन यायचं ते लिहून मागा. लिहून देत नसतील तर आपणच साध्या कागदावर अर्ज लिहा: अमुक तारखेला आलो, अमुक कागद दाखवले, अमुक त्रुटी सांगितली. आवक विभागात तो देऊन आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. आमचं घोडं पुढे सरकलं ते अशा तिसऱ्या शिक्क्यानंतर.

पूर्ण कागदांसह दिलेला दावा २० दिवसांत निकाली काढायचा असतो. त्रुटी असेल तर लेखी कळवायची असते. सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के दंडव्याज लागू शकतं, आणि ते आयुक्तांच्या पगारातून कापण्याची तरतूद योजनेतच आहे. ते प्रत्यक्षात कोणाच्या पगारातून गेल्याचं मी पाहिलेलं नाही, पण पत्रात हा उल्लेख केला की उत्तराची भाषा जरा बदलते. त्याआधी ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका आणि तिचा क्रमांक जपा. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ हे शिबिर असतं. अधिकारी समोर बसलेले असतात, त्यामुळे गुंतागुंतीच्या प्रकरणात सगळी फाइल घेऊन तिथे जाणं मला खिडकीपेक्षा बरं वाटतं.

अर्जाला उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. ५८ च्या आधी लवकर पेन्शन घेतलेली नसेल तर पेन्शन ५८ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात आणि थकबाकी एकदम जमा होते.

मंजुरीनंतर

पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा, क्रमांक मिळतो. तो बायकोलाही माहीत हवा, कारण पेन्शनरच्या मागे तिला निम्मी पेन्शन मिळते, किमान १,०००, आणि दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या २५ टक्के. त्या वेळी मृत्यूचा दाखला, पीपीओ आणि तिचं स्वतःचं बँक खातं लागतं.

हयातीचा दाखला, म्हणजे जीवन प्रमाण, वर्षातून एकदा. इथे नोव्हेंबरच गाठायची गरज नाही. ज्या दिवशी द्याल तिथून बारा महिने चालतो. बँकेत, पोस्टात, सेवा केंद्रात देता येतो. दाजींच्या बाबतीत मात्र यंत्राने तीनदा अंगठा नाकारला. तेवीस वर्षं लोखंडाचा कीस आणि कूलंट, बोटांवरच्या रेषाच राहिलेल्या नाहीत. मग पुतण्याने मोबाइलवर जीवन प्रमाणचं अ‍ॅप आणि आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप टाकलं, अंगणात उजेडाला उभं केलं, डोळ्यांची उघडझाप करायला लावली. दोन मिनिटांत दाखला आला. ताईने मार्चच्या कालनिर्णयावर त्या तारखेला लाल गोल केला आहे.