कानपूरच्या भंगारातून जगभरच्या संग्रहालयांत: लिबरेटर विमानांची पार्श्वभूमी

बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ती १८ हजारांहून जास्त बांधली. दुसरं कुठलंच अमेरिकी लष्करी विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही. आज धडधाकट अवस्थेतली लिबरेटर मात्र शोधावी लागतात. जी उरली आहेत त्यांतली निदान सहा एके काळी भारतीय हवाई दलाची होती. ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं, ओटावाच्या राष्ट्रीय विमान संग्रहालयातलं, ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं, फ्लोरिडात कर्मिट वीक्स यांच्या संग्रहातलं, अमेरिकेतल्याच कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेचं, आणि आपल्या दिल्लीतल्या पालमच्या संग्रहालयातलं. हा वारसा जपायचा असं कुणी ठरवलं होतं, म्हणून ती वाचली असं नाही. नवी विमानं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून वाचली.

युद्ध संपल्यावर अमेरिकेला ही हजारो विमानं नकोशी झाली. ॲरिझोनातल्या किंगमनसारख्या तळांवर ती रांगेनं उभी केली, तोडली आणि भट्टीत वितळवली. ब्रिटनकडची लिबरेटर ‘लेंड-लीज’ कराराखाली आलेली, म्हणजे उधारीची. करार असा की युद्ध संपलं की परत द्या, नाहीतर निकामी करा. इतकी विमानं परत नेणार कोण? भारतातल्या ब्रिटिश हवाई दलानं आपली लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर गोळा केली आणि तिथेच त्यांची मोडतोड केली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणं फोडली, अंगावरचा पत्रा भोसकला, असं सांगतात. मग ते सगळं ऊन-पावसात टाकून ब्रिटिश निघून गेले.

काश्मीरची लढाई सुरू झाली तेव्हा नव्या भारताच्या हवाई दलाकडे लांब पल्ल्याचं जड बॉम्बफेकी विमान नव्हतं. नजर गेली ती कानपूरच्या ढिगाऱ्याकडे, आणि काम आलं बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योजकानं म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं १९४० मध्ये उभी केलेली ही कंपनी. युद्धाच्या काळात, १९४३ पासून, अमेरिकी हवाई दलानं तिचा ताबा घेतला होता आणि या भागातल्या अमेरिकी विमानांची मोठी दुरुस्ती तिथेच होत असे. बंगळूरच्या कारागिरांचा अमेरिकी इंजिनांवर हात बसला तो असा. शिवाय लिबरेटरची इंजिनं प्रॅट अँड व्हिटनीची ट्विन वास्प, म्हणजे डकोटा या वाहतुकीच्या विमानाच्या इंजिनांच्याच घराण्यातली, आणि डकोटा तर भारतात भरपूर होती. भंगारातून विमान उभं करणाऱ्यांचं कौतुक होतं ते बहुतेक वेळा चमत्कार म्हणून. मला ही आधीची शिदोरी जास्त महत्त्वाची वाटते.

पद्धत साधी होती, पण छातीत धडकी भरवणारी. एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावायचे, ते कानपूर ते बंगळूर एवढा एक प्रवास निभावेल इतकंच नीट करायचं, कंपनीच्या चाचणी वैमानिकानं ते उडवून न्यायचं आणि खरी दुरुस्ती बंगळूरला करायची. २ नोव्हेंबर १९४८ ला याच विमानांवर हवाई दलाची ५ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. हळूहळू चाळिसेक लिबरेटर अशी परत उडती झाली. कोंड्याचा मांडा म्हणतात तो हाच.

१९५१ मध्ये ६ क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटरांवर नव्यानं उभी राहिली. तिचं काम समुद्रावरच्या टेहळणीचं. तोवर जेट विमानांचं युग सुरू झालं होतं आणि बॉम्बफेकी विमान म्हणून लिबरेटर जुनाट ठरलं होतं. पण टेहळणीला वेग लागत नाही, तास न् तास हवेत राहण्याची ताकद लागते. अटलांटिकच्या मध्यभागी जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवली ती याच विमानानं, आणि तोच गुण अरबी समुद्रावर कामी आला. ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला १९५७ मध्ये कॅनबेरा जेट मिळाली. पुण्याची लिबरेटर मात्र उडतच राहिली. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या जोडीला एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन ही प्रवासी विमानं आली. शेवटची लिबरेटर १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाली. बाकी जगानं त्यांना निरोप देऊन कितीतरी वर्षं लोटली होती.

तोपर्यंत परदेशातल्या संग्रहालयांना जाग आली होती. आपल्या वैमानिकांनी ज्या विमानांतून युद्ध लढलं, ती घरी जवळपास शिल्लकच नाहीत, आणि भारतात ती चक्क उडत्या अवस्थेत आहेत! कॅनडानं १९६८ मध्ये एक लिबरेटर घेतलं आणि बदल्यात लायसँडर हे जुनं टेहळणी विमान दिलं. ते आज पालमला आहे. पुढच्या वर्षी एक विमान उडत ॲरिझोनाला गेलं, १९७४ मध्ये एक ब्रिटनला. कॉलिंग्ज फाउंडेशनचं विमान सुटं करून आधी ब्रिटनला आणि मग अमेरिकेला गेलं. बरीच वर्षं त्याच्यावर काम करून १९८९ मध्ये ते पुन्हा उडवण्यात आलं. याच सुमाराला स्पिटफायर आणि टेंपेस्ट या लढाऊ विमानांचे सांगाडेही खासगी संग्राहकांनी भारतातून विकत नेले. त्यातली काही टेंपेस्ट धावपट्टीच्या कडेला शत्रूला चकवण्यासाठी नुसती उभी करून ठेवलेली होती.

यात आपण फसलो का? मला तसं वाटत नाही. त्या काळी या विमानांची इथे किंमत होती ती अॅल्युमिनियमच्या भावानं. विकली गेली नसती तर ती एखाद्या भट्टीत गेली असती. कायद्याचंही संरक्षण नव्हतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरायला साधारणपणे शंभर वर्षं वयाची अट आहे. १९४४ साली बांधलेलं विमान त्या अटीत बसेल ते २०४४ मध्ये.

खटकतं ते वेगळंच. परदेशी संग्रहालयांत या विमानांवरची भारतीय हवाई दलाची तिरंगी चक्राकार चिन्हं गेली आणि युद्धकाळातले रंग आले. कॉलिंग्जच्या विमानानं तर ‘ऑल अमेरिकन’, ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ आणि ‘विचक्राफ्ट’ अशी तीन नावं लावली, तिन्ही युद्धातल्या वेगवेगळ्या लिबरेटरांची. प्रेक्षकाला युद्ध बघायचं असतं, हे मान्य. पण युद्धातली सेवा वर्ष-दोन वर्षांची, आणि भारतातली वीस वर्षांच्या आसपास. विमान टिकलं ते या दुसऱ्या आयुष्यामुळे, आणि रंगाच्या थराखाली गेलं तेही तेच. पत्र्याची प्रत्येक जखम बुजवून विमान कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखं करणं याला जीर्णोद्धार म्हणायचं की नवं बांधकाम, हा वाद जुन्या देवळांच्या बाबतीतही आपल्या ओळखीचा आहे.

भारतात या कामाला संस्थेचं रूप मिळालं ते पालमच्या हवाई दल संग्रहालयामुळे, १९६७ मध्ये. तिथलं वेस्टलँड वापिटी हे जगात उरलेलं एकमेव पूर्ण वापिटी. १९३३ मध्ये कराचीच्या ड्रिग रोडवर हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली ती याच जातीच्या चार विमानांवर. पालमचं एक स्पिटफायर ऐंशीच्या दशकात उडतही असे. १९८९ नंतर ते जमिनीवरच आहे. पुढे जुनी विमानं उडती ठेवण्याचा प्रयत्न पुन्हा झाला. टायगर मॉथ हे प्रशिक्षणाचं विमान २०१२ च्या हवाई दल दिनी उडालं, मग तसंच हार्वर्ड आलं, आणि २०१८ मध्ये डकोटा. हे डकोटा तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिलेलं. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाचे वैमानिक होते. आयर्लंडमध्ये भंगारात गेलेलं हे विमान इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला दुरुस्त झालं. त्याच्यावर क्रमांक घातला आहे व्हीपी ९०५, म्हणजे काश्मीरच्या लढाईत २७ ऑक्टोबर १९४७ ला सैनिक घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा. रंगाची हौस फक्त परदेशी नाही तर! चाळीस लिबरेटर भंगारातून उठवणाऱ्या देशाला मिळालेलं हे एक डकोटा मात्र परदेशातच दुरुस्त झालेलं.

उडतं ठेवणं महाग तर आहेच, धोक्याचंही आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कॉलिंग्ज फाउंडेशनचं बी-१७ हे युद्धकाळातलं बॉम्बफेकी विमान अमेरिकेत कोसळून सात जण गेले, आणि पुढच्या वर्षी संस्थेची प्रवासी घेऊन उडण्याची परवानगी रद्द झाली.

मग जमिनीवर ठेवलेलं विमान सुरक्षित का? निदान आपल्या किनाऱ्यावर तरी नाही. विमानाचा पत्रा तांबं मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा असतो. खारं वारं आणि ओल लागली की रिवेटांभोवती पांढरी भुकटी धरते आणि पापुद्रे सुटतात. वरून रंग शाबूत दिसतो, आतून पत्रा पोखरलेला असतो. पुण्यात लिबरेटरांबरोबर उडालेली सुपर कॉन्स्टेलेशन सत्तरीच्या दशकात नौदलाकडे गेली. त्यांतलं एक आज गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सीहॉक आहे, अलिझे आहे, नौदलाच्या पहिल्यावहिल्या विमानांपैकी शॉर्ट सीलँडही आहे. ही मोठी विमानं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्यावर उभी आहेत, आणि गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नवा रंग दर काही वर्षांनी देता येतो. त्याआधी डोक्यावर छप्पर हवं.