शोषखड्डा की सेप्टिक टँक: दुसरा खड्डा जास्तीचा नसतो

गवंड्याला 'शौचालय बांधायचंय' एवढंच सांगितलं तर तो सेप्टिक टँकचा खर्च सांगायला लागतो. अनुदानाच्या कागदावर मात्र दोन शोषखड्डे असतात. मग तडजोड म्हणून जे उभं राहतं ते दोहोंपैकी काहीच नसतं: दहा-बारा फूट खोल एकच खड्डा, आतून सिमेंटचा गिलावा, वर गॅसचा पाइप आणि बाजूने गटारात सोडलेली नळी. पाहणीत 'शौचालय आहे' या रकान्यात ते बिनबोभाट बसतं. काही वर्षांनी खड्डा तुंबला की घरमालक ग्रामपंचायतीकडे बघतो आणि ग्रामपंचायत घरमालकाकडे.

सेप्टिक टँक बहुतेकांना माहीत आहे, म्हणून तिचं थोडक्यात. ती पाणी न झिरपणारी बंद टाकी. आयएस 2470 या भारतीय मानकाप्रमाणे किमान हजार लिटर, रुंदीच्या दोन ते चार पट लांबी, पाण्याची खोली निदान एक मीटर; मोठ्या टाकीला मध्ये भिंत घालून दोन कप्पे. जड मैला तळाशी बसतो, साय वर तरंगते आणि मधलं पाणी टी-पाइपातून बाहेर पडतं. हे पाणी नितळ दिसलं तरी जंतूंनी भरलेलंच असतं. त्यामुळे सेप्टिक टँकच्या पुढेही शोषखड्डा लागतोच, आणि नेमका तोच गाळून नळी गटारात सोडली जाते. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडीने उपसावा लागतो. 'आमची टाकी वीस वर्षांत एकदाही भरली नाही' असं कौतुकाने सांगणाऱ्याची टाकी एकतर फुटलेली असते, नाहीतर तिच्यातला मैला कधीपासून गटाराने वाहतोय.

आता शोषखड्डा. विटांची जाळीदार बांधणी असलेला गोल खड्डा, तळ कच्चा, बाहेर जाणारी नळी नाही. पाणी भोकांमधून आणि तळातून मातीत जिरतं, मैला आत राहून कुजतो. वरचा साधारण फूटभर भाग सलग बांधायचा, त्याखाली जाळी. जमीन वाळूची असेल तर भोकं बारीक ठेवायची, नाहीतर वाळू आत येत राहते. आत गिलावा अजिबात नाही, तळाला काँक्रीटही नाही. 'मजबुती'च्या नावाखाली हे दोन्ही केलं की खड्डा महिन्या-दोन महिन्यांत भरतो आणि दोष 'सरकारी डिझाइन'ला दिला जातो.

इथपर्यंत चुका होतात पण त्या समजावता येतात. खरी गफलत दुसऱ्या खड्ड्याची आहे. लोकांना वाटतं की एक भरला तर सोय म्हणून दुसरा, म्हणजे दुप्पट जागा. मग डोकेबाज माणूस दोन्ही खड्डे एकदमच चालू करतो, किंवा दोघांच्या ऐवजी दुप्पट खोलीचा एकच खणतो. हिशेब बरोबर वाटतो, पण तो चुकीच्या गोष्टीचा आहे. दुसरा खड्डा जागेसाठी नसतो, वेळेसाठी असतो.

आकडेच पाहू. एका माणसामागे वर्षाला साधारण 0.045 घनमीटर मैला साठतो असं धरून खड्ड्याचं माप काढतात. पाच माणसांच्या घराचा वर्षाचा साठा 0.225 घनमीटर. एक मीटर व्यासाचा आणि एक मीटर खोलीचा खड्डा 0.785 घनमीटरचा, म्हणजे तो साडेतीन वर्षं पुरतो. मग तो बंद करून दुसरा चालू करायचा. दुसरा भरेपर्यंत आणखी साडेतीन वर्षं जातात आणि तेवढा काळ पहिला खड्डा निवांत पडून असतो. त्यात वरून नवीन काही पडत नाही, ओल जिरून जाते, जंतू मरत जातात. सगळ्यात चिवट असतात जंतांची अंडी. त्यांच्यासाठीच किमान वर्षभराची विश्रांती सांगतात आणि दीड-दोन वर्षं मिळाली तर उत्तम. त्यानंतर उघडलात तर आत काळपट, भुसभुशीत, वास नसलेलं सोनखत मिळतं. ते घरच्या फावड्याने काढता येतं. शेतकऱ्याने एक वावर पिकाखाली घेऊन दुसरं पड ठेवावं तशी ही पाळी आहे.

आता दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवले तर काय होतं पाहा. साडेतीनऐवजी सात वर्षं चालतील, हे खरं. पण सात वर्षांनी दोन्ही एकाच वेळी भरतील आणि दोहोंच्या वरच्या थरात कालपरवाचा ताजा मैला असेल. बंद करून ठेवायला दुसरी जागा नाही, शौचालय वापरणं थांबवता येत नाही. दुप्पट खोलीच्या एका खड्ड्याचंही तेच. शिवाय खोल खड्ड्याचा तळ भूजलाच्या जवळ जातो, तो तोटा वेगळाच. म्हणून खोल खड्ड्याचा अभिमान मला समजत नाही. मीटर-सव्वामीटर खोली पुरे.

ही पाळी सांभाळते जंक्शन चेंबर, म्हणजे शौचालय आणि दोन खड्ड्यांच्या मधला छोटा हौद. त्यातून दोन तोंडं निघतात आणि एका वेळी एकच उघडं असतं. बांधतानाच दुसरं तोंड वीट आणि मातीने बंद करायचं. पक्क्या सिमेंटने नको, कारण ते पुढे फोडायचं आहे. पहिला खड्डा भरला की चेंबरचं झाकण काढायचं, बंद तोंड मोकळं करायचं, चालू तोंड तसंच बंद करायचं, झाकण बसवायचं. काम अर्ध्या तासाचं. मात्र चेंबरच्या डोक्यावरून फरशी घातलेली घरं कमी नाहीत. खड्डा तुंबल्यावर चेंबर कुठे आहे ते कुणालाच आठवत नाही आणि मग नवी फरशी फुटते. दोन खड्ड्यांत निदान एक मीटर अंतर हवं. एकाला एक चिकटून किंवा एकच भिंत घालून बांधले तर चालू खड्ड्याचं पाणी विश्रांतीच्या खड्ड्यात झिरपतं आणि पाळीचा अर्थच उरत नाही. नळी खड्ड्यात चार इंच आत आलेली असावी, म्हणजे मैला भिंतीवरून ओघळून जाळी बुजवत नाही.

बाकीचे फरक किरकोळ. गॅसचा पाइप सेप्टिक टँकला लागतो, शोषखड्ड्याला नाही. इथे वायू जाळीतून मातीत मुरतो. तीव्र उताराचं ग्रामीण भांडं आणि 20 मिलिमीटरचा पाण्याचा अडसर (वास अडवणारं भांड्याखालचं पाणी) असेल तर दीड-दोन लिटर पाणी पुरतं. शहरी भांडं आणि दहा लिटरचा फ्लश शोषखड्ड्याला जोडू नये. न्हाणीचं आणि भांडी घासल्याचं पाणीही या खड्ड्यांत सोडायचं नाही, त्यासाठी वेगळा शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीमुळे गाजलेला 'जादूचा खड्डा' हा असा सांडपाण्याचा आहे, त्याला शौचालय जोडून तो बिघडवू नका.

सेप्टिक टँक कधीच बांधू नये असं मात्र नाही. जिथे पावसाळ्यात पाणी जमिनीच्या अगदी वर येतं, जिथे सलग कातळ आहे किंवा विहीर हाकेच्या अंतरावर आहे, तिथे शोषखड्डा धोक्याचा. विहीर, हातपंपापासून निदान दहा मीटर अंतर ठेवावं आणि भेगाळ खडकात त्याहून बरंच जास्त. शाळा, वसतिगृह, चाळ यांनाही सेप्टिक टँकच सोयीची, अर्थात गाडी पोहोचेल अशी वाट असेल तर. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत शोषखड्डा चालतो, पण ती माती ओली झाली की फुगून पाणी घेत नाही. म्हणून बांधणीच्या बाहेरून फूटभर रुंदीचा वाळू-खडीचा थर भरून घ्यावा. या जमिनीतल्या खड्ड्यांच्या निम्म्या तक्रारी हा थर न घातल्यामुळे असाव्यात, असं माझं ठाम मत आहे. तशी परिस्थिती नसेल तर पाच-सात माणसांच्या खेड्यातल्या घराला दोन खड्डेच घ्यावेत. सक्शन गाडी तालुक्याच्या गावाहून यायची, तिचं भाडं द्यायचं आणि तिने मैला कुठल्या ओढ्यात ओतला ते पाहायचं नाही, यापेक्षा तो घराच्या आवारात कुजलेला बरा.

ग्रामपंचायतीचं काम इथे निराळं होतं. सेप्टिक टँक असलेल्या वस्तीला गाडी, तिचं वेळापत्रक आणि मैल्यावर प्रक्रिया करणारं केंद्र लागतं. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता तीन वर्षांच्या चक्राने प्रत्येक टाकी उपसायची पद्धत घातली. एकट्या खेड्याला हे जमणं अवघड. दोन खड्ड्यांच्या गावाला लागते फक्त एक वही: कुठल्या घराचा कुठला खड्डा कधी बंद झाला. नमुना 8 मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, घरांची यादी तयारच असते, तिच्यावरून ही वही एका आठवड्यात होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक हिस्सा स्वच्छतेसाठी बांधलेला होता, तरी बऱ्याच गावांच्या आराखड्यात त्यातून फक्त गटारं दिसतात.

आणि माणूस आत उतरवायचा नाही, सेप्टिक टँकमध्येही नाही आणि भरलेल्या ताज्या खड्ड्यातही नाही. हाताने मैला उचलायला लावण्यास बंदी घालणारा 2013 चा कायदा खासगी घरमालकालाही लागू आहे, आणि टाकीतला वायू काही श्वासांत माणूस बेशुद्ध पाडतो.

एकच खड्डा असलेल्यांनी नवं शौचालय बांधायची गरज नाही. एका खड्ड्याची शौचालयं दोन खड्ड्यांची करण्याची मोहीम केंद्राने 2022 मध्ये काढली ती याचसाठी. जुन्या खड्ड्यापासून मीटरभर सोडून नवा खणा, येणाऱ्या नळीवर चेंबर बांधा, जुन्याचं तोंड बंद करा. जुन्याला आतून गिलावा असेल किंवा गटारात नळी असेल तर नळी आधी बुजवा. गिलाव्याच्या खड्ड्यातलं पाणी जिरत नाही, त्यामुळे तो एकदा गाडीने उपसून, गिलावा फोडून घ्यावा लागेल. जाळीदार असेल तर फक्त झाकणावर खडूने नव्हे, ऑइल पेंटने तारीख लिहा आणि दीड वर्ष त्याला हात लावू नका.