उशिरा उघडलेले रकाने : फँटसी बास्केटबॉलमधल्या झाकल्या माणकांची पार्श्वभूमी

बिल रसेल १९६९ मध्ये निवृत्त झाला, विल्ट चेंबरलेन १९७३ मध्ये. बास्केटपाशी चेंडू अडवण्यात या दोघांचा हात धरणारा कोणी नव्हता, तरी एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) अधिकृत नोंदीत दोघांच्याही नावावर एकही ब्लॉक (अडवलेला फेक) नाही. कारण साधं आहे : तो रकानाच नव्हता. स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक यांची मोजणी १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. खेळाडूंचे टर्नओव्हर (चेंडू गमावणं) १९७७-७८ पासून मोजले जाऊ लागले आणि तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आखली गेली. फँटसी संघासाठी, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या काल्पनिक संघासाठी, स्वस्तात मिळणारा गुणी खेळाडू कुठे शोधावा, याचं बरंचसं उत्तर या तारखांमध्ये दडलेलं आहे. गुण मोजायची सवय खेळाइतकीच जुनी. बाकीचे रकाने मागाहून आले, आणि आजही निवड करणाऱ्याची नजर आधी गुणांवर जाते.

काल्पनिक संघ बांधायचा खेळ बास्केटबॉलमध्ये जन्मला नाही. अमेरिकन फुटबॉलसाठी ओकलंडच्या बिल विन्केनबाख यांनी १९६२ मध्ये तो रचला. बेसबॉलमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या न्यूयॉर्कमधल्या मित्रांनी १९८० मध्ये ‘रोटिसरी’ पद्धत आणली. तिचं वैशिष्ट्य असं की प्रत्येक रकान्यात संघांची वेगळी क्रमवारी लागते आणि त्या क्रमांकांचे गुण मिळतात. बास्केटबॉलने हेच उचललं. आज प्रचलित असलेल्या नऊ रकान्यांच्या लीगमध्ये गुण, रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर पकडलेला चेंडू), असिस्ट (गुण मिळवून देणारा पास), स्टील, ब्लॉक, थ्री-पॉइंटर, फील्ड गोलची (चालू खेळातल्या फेकींची) टक्केवारी, फ्री थ्रोची (फाउलनंतर रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या फेकींची) टक्केवारी आणि टर्नओव्हर (हे जितके कमी तितके चांगले) हे सगळे समान वजनाचे असतात. खऱ्या सामन्यात गुणच निकाल ठरवतात, इथे ते नवातले एक. किमतीतली तफावत इथूनच सुरू होते.

हा खेळ घरोघरी पोचला तो इंटरनेटमुळे. १९९७ मध्ये मोटोरोलाविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने चालू सामन्याचे आकडे ही निव्वळ वस्तुस्थिती आहे, एनबीएची मालमत्ता नव्हे, असं ठरवलं. १९९९ मध्ये याहूने फँटसी लीग फुकट दिल्या आणि वर्तमानपत्रातले बॉक्स-स्कोर (सामन्याच्या आकडेवारीचे तक्ते) घेऊन हाताने बेरजा करण्याचे दिवस संपले.

रकान्यांच्या खेळात काय हवं असतं, ते युटा जॅझच्या आंद्रेई किरिलेंकोने २००३-०४ मध्ये दाखवून दिलं. जॉन स्टॉकटन निवृत्त झाला होता, कार्ल मलोन लेकर्सकडे गेला होता, आणि त्या रिकाम्या झालेल्या मिनिटांत हा सडपातळ रशियन खेळाडू बहरला. सामन्यागणिक १६.५ गुण. तेवढंच पाहिलं तर चारचौघांसारखा. पण सोबत ८.१ रिबाउंड, १.९ स्टील आणि २.८ ब्लॉक. ३ डिसेंबर २००३ रोजी ह्यूस्टनविरुद्ध त्याने १९ गुण, ५ रिबाउंड, ७ असिस्ट, ८ स्टील आणि ५ ब्लॉक नोंदवले. १९७३ पूर्वीच्या बॉक्स-स्कोरमध्ये ही रात्र जेमतेम दिसली असती.

वेगवेगळ्या रकान्यांची तुलना करायला मानक विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) वापरतात. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकी तेरा खेळाडू धरले तर १५६ खेळाडू लागतात. सरासरी या १५६ जणांचीच काढायची, एनबीएतल्या सगळ्या साडेचारशे जणांची नव्हे. ही चूक सर्रास होते, आणि तिच्यामुळे साधारण खेळाडूही मौल्यवान दिसतो. मग खेळाडूच्या आकड्यातून सरासरी वजा करायची आणि मानक विचलनाने भागायचं. समजा, या गटात गुणांची सरासरी १५ आणि विचलन ६ आहे, स्टीलची सरासरी १ आणि विचलन ०.३५. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कोव्हिंग्टनने २०१६-१७ मध्ये १२.९ गुण आणि १.९ स्टील दिले. गुणांत तो उणे ०.३५ वर, स्टीलमध्ये अधिक २.६ वर. गुणांतून एवढीच कमाई करायची तर सामन्याला तीसच्या वर गुण हवेत. त्याची फील्ड गोलची टक्केवारी ३९.९ होती, ती किंमत मात्र मोजावी लागते.

टक्केवारीचे रकाने सगळ्यात फसवे, कारण तिथे प्रयत्नांची संख्या विसरली जाते. डेट्रॉइटच्या आंद्रे ड्रमंडने २०१५-१६ मध्ये सामन्याला १४.८ रिबाउंड घेतले, पण ५८६ पैकी २०८ च फ्री थ्रो टाकले. म्हणजे ३५.५ टक्के. तुमचा उरलेला संघ आठवड्यात १०० पैकी ८० टाकतो असं धरा. ड्रमंडचे आठवड्याचे २५ प्रयत्न आणि ९ यशस्वी फेक त्यात मिळवले की १२५ पैकी ८९, म्हणजे ७१ टक्के. तेवढाच वाईट, पण आठवड्यात सातदाच रेषेवर जाणारा खेळाडू घेतला असता तर संघ ७७ टक्क्यांवर राहिला असता. म्हणून टक्केवारी नेहमी प्रयत्नांनी गुणून तोलायची. ‘पंट’ करण्याची चाल इथूनच आली : फ्री थ्रोचा रकाना आधीच सोडून द्यायचा आणि ज्यांची किंमत त्यापायी पडली आहे असे दोन-तीन उंच खेळाडू एकत्र घ्यायचे. एकच घेतला तर रकानाही जातो आणि फायदाही पुरता मिळत नाही. आठवड्याच्या आमनेसामने लढतीत नवातले पाच रकाने जिंकले तरी पुरतं, त्यामुळे ही चाल तिथे चालते. हंगामभराच्या रोटिसरीत ती महाग पडते.

रकान्यांचे भावही स्थिर नाहीत. संघाचे सामन्यागणिक थ्री-पॉइंटर १९७९-८० मध्ये ०.८ होते, २०००-०१ मध्ये ४.८, २०२३-२४ मध्ये १२.८. ब्लॉक मात्र इतकी वर्षं पाचाच्या आसपासच घुटमळत आहेत. २०००-०१ च्या सुमारास एक थ्री-पॉइंटर आणि एक ब्लॉक जवळजवळ सारखेच दुर्मीळ होते, आता ब्लॉक अडीचपट दुर्मीळ आहे. दोन्ही देणारा सेंटर (बास्केटपाशी खेळणारा उंच खेळाडू) तर सोन्याहून पिवळा. ब्रूक लोपेझने पहिल्या आठ हंगामांत मिळून ३ थ्री-पॉइंटर टाकले होते, २०१६-१७ या एका हंगामात १३४ टाकले. मिलवॉकीने २०१८ मध्ये त्याला एका वर्षासाठी सुमारे ३४ लाख डॉलरमध्ये घेतलं, आणि त्या हंगामात त्याने १८७ थ्री-पॉइंटर आणि सामन्याला २.२ ब्लॉक दिले. गुण १२.५, रिबाउंड ४.९. ‘सेंटर असून पाचसुद्धा रिबाउंड नाहीत’ म्हणून पान उलटणाऱ्याच्या हातून नेमका असा खेळाडू सुटतो.

उरली मिनिटं, आणि अनेकदा तीच निर्णायक ठरतात. याचं सुरेख उदाहरण मुंबईने डोळ्यांनी पाहिलं आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळले. पेसर्सचा डोमांतास साबोनिस आदल्या हंगामात बाकावरून उठून २४.८ मिनिटांत १४.१ गुण आणि ९.३ रिबाउंड देत होता. ३६ मिनिटांचा हिशेब केला तर २०.५ आणि १३.५. थॅडियस यंग उन्हाळ्यात शिकागोला गेल्याने सुरुवातीच्या पाचांत जागा झाली होती. २०१९-२० मध्ये साबोनिस ६२ सामने खेळला, सगळे सुरुवातीपासून, आणि ३४.८ मिनिटांत १८.५ गुण व १२.४ रिबाउंड देऊन पहिल्यांदाच ऑल-स्टार (निवडक तारांकित खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडलेला) झाला. म्हणजे ३६ मिनिटांचा त्याचा दर किंचित घसरलाच. वाढली ती मिनिटं.

हाच हिशेब फसतो तो तीन ठिकाणी. एक, जो उंच खेळाडू ३६ मिनिटांत पाच-साडेपाच फाउल करतो, त्याला सहाव्या फाउलला बाहेर जावं लागेल या भीतीने प्रशिक्षक तेवढा वेळ मैदानावर ठेवतच नाही. दोन, निकाल लागून गेल्यावरच्या ढिल्या मिनिटांत जमवलेले आकडे. तीन, जागा रिकामी झालेली नसताना केवळ दर पाहून घेतलेला खेळाडू : तो हंगामभर तुमच्या आणि त्याच्या अशा दोन्ही बाकांवर बसतो.

आठवड्याच्या लीगमध्ये वेळापत्रकाचा हिशेब वेगळा. कुणाला आठवड्यात दोन सामने असतात, कुणाला चार. चार सामने खेळणारा १.३ स्टीलवाला ५.२ देतो, दोनच खेळणारा १.९ वाला ३.८. शेवटची जागा म्हणूनच अनेक जण फिरती ठेवतात. मंगळवार-गुरुवारसारख्या कमी गर्दीच्या रात्री खेळणारे संघ आधी बघायचे, कारण बुधवारी तुमचे एवढे खेळाडू मैदानात असतात की जादा माणूस बसवायला जागाच उरत नाही.

मुंबईच्या ड्रीम-११ या फँटसी ॲपमुळे भारतात आठ खेळाडू आणि ते निवडायला १०० क्रेडिट (काल्पनिक पैसे) असा एकदिवसीय प्रकार रुजला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये आल्यावर तिथल्या पैसे लावायच्या स्पर्धा थांबल्या. हंगामभराच्या फुकट लीग पूर्वीसारख्याच खेळता येतात. भारतातून खेळणाऱ्याची खरी अडचण घड्याळाची आहे. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, आणि संघ आपले सुरुवातीचे पाच खेळाडू अर्धा तास आधी जाहीर करतात. मुख्य खेळाडू बसला आणि त्याचा बदली मोकळा आहे, हे कळण्याची वेळ पहाटेची पाच.