जँगो राइनहार्ट: दोन बोटं आणि ड्रमशिवायचा जॅझ

जॅझ गिटारवादक जँगोचं नाव निघालं की पहिली येते ती दोन बोटांची गोष्ट, आणि ती खरीच आहे, पण त्याच्या आधीचं माहीत असेल तर त्याची गिटार अजून भारी वाटते. जन्म १९१० चा, बेल्जियममधल्या लिबेर्शी गावात, रोमा म्हणजे जिप्सी कुटुंबात, घर म्हणजे फिरती गाडी. पुढे पॅरिसच्या वेशीवरच्या तळांवर वाढला, शाळा जवळपास नाहीच, आणि मिसरूड फुटायच्या आत डान्सहॉलमध्ये अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या मागे बँजो वाजवून कमवायला लागला. त्याच्या उजव्या हातातला तो जोर तिथला, आगीच्या आधीचा.

१९२८ मध्ये रात्री गाडी पेटली. आत बायकोने विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं होती, ती भडाभडा जळाली. डावा हात भाजला, पाय तर कापायलाच निघाले होते. अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. मग भावाने आणून दिलेल्या गिटारवर परत पहिल्यापासून सुरुवात, सोलो सगळा तर्जनी आणि मधल्या बोटावर, आखडलेली बोटं फक्त कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरताना बारीक तारांवर टेकवायची. दोनच बोटांनी एका जागी बसून फार सूर मिळत नाहीत, हात गिटारच्या मानेवर वरखाली पळवावा लागतो, म्हणून त्याच्या ताना अशा सरसर चढतात आणि मध्येच एकाच बोटाने घसरत खाली येतात.

१९३४ मध्ये व्हायोलिनवाला स्टेफान ग्रापेलीबरोबर हॉट क्लबचं क्विंटेट, म्हणजे पाच जणांचा ग्रुप, उभं राहिलं: तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास, ड्रम नाहीच! ठेका दोन ऱ्हिदम गिटार धरायच्या, कॉर्ड मारली की लगेच दाबायची, तो छक छक आवाज म्हणजे आजही या स्टाइलचा कणा.

१९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा सगळे लंडनमध्ये, ग्रापेली तिथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. नाझी रोमांना मारत होते आणि हा त्यांच्याच ताब्यातल्या पॅरिसमध्ये स्टार, त्याची १९४० ची धून 'नुआज' तिथे लोकांच्या तोंडी बसली होती, तरी १९४३ मध्ये स्वित्झर्लंडला पळायचा प्रयत्न केलाच, जमलं नाही.

१९४६ ला अमेरिकन जॅझ बँडलीडर ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिका, कार्नेगी हॉल वगैरे. परत आल्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि बीबॉप (तेव्हाचा नवा जॅझ), जे बरेच फॅन सोडूनच देतात आणि मला ते अजिबात पटत नाही, कारण १९५३ ची शेवटची रेकॉर्डिंग्ज ऐका, सूर कमी केलेत, मध्ये जागा सोडल्यात, माणूस अजून नवीन शोधत होता. त्याच वर्षी मे महिन्यात मेंदूत रक्तस्राव होऊन गेला, वय फक्त ४३.