पीएलसीचा सेल मेन पाडून बदलायचा?

वाळूजपासून जालन्याच्या रोलिंग मिलपर्यंत एकच ऐकू येतं: आधी मेन पाडा (मुख्य स्विच बंद करा), मग पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या पॅनलमधल्या कंट्रोलरचा, सेल काढा. रॅमवाल्या, म्हणजे वीज तुटली की पुसली जाणारी मेमरी असलेल्या, जुन्या पीएलसीत प्रोग्रॅम जातो तो बहुधा असाच. सप्लाय चालू असेल तर मेमरी त्यावर तगते. बंद झाला की सगळी भिस्त त्या बोटाएवढ्या लिथियम सेलवर. तोही काढला, तर आतला कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) मेमरी काही मिनिटं तगवतो. चार्ज असला तर! काही मॉडेलना मेन बंदच करावा लागतो, पण आधी थोडा वेळ चालू ठेवून. मॅन्युअल बघा, प्रोग्रॅमचा बॅकअप मात्र आधी घ्या.

साखर कारखान्यात गळीत संपलं की पॅनल महिनोन्‌महिने बंद. सेल खरा झिजतो तेव्हाच. आणि हो, तो चार्ज करू नका, फुटू शकतो.