फायनान्स, कोडिंग थिअरी आणि व्यवस्थापन: तीन विषयांचं जुनं नातं

विद्यापीठांतल्या संशोधनाच्या याद्या चाळल्या की शेअरच्या किमती, चूक दुरुस्त करणारे कोड आणि कारखान्यातलं कामकाज हे विषय तीन निरनिराळ्या विभागांत सापडतात. (कोडिंग म्हणजे इथे प्रोग्रॅम लिहिणं नव्हे. संदेश वाटेत बिघडला तरी मूळ मजकूर परत मिळावा म्हणून त्याची मांडणी कशी करायची, त्याचं हे गणित.) एका विभागातला माणूस दुसऱ्याचे शोधनिबंध सहसा उघडतही नाही. पण गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर तिन्हीकडे अनेकदा त्याच संस्था भेटतात आणि प्रश्नही एकच: हाती आलेली माहिती भरवशाची नसताना निर्णय कसा घ्यायचा?

सुरुवात व्यवस्थापनापासून करू. अमेरिकेतली टेलिफोन कंपनी एटी अँड टी आपली यंत्रसामग्री वेस्टर्न इलेक्ट्रिक या उपकंपनीकडून बनवून घेई. तिथल्या वॉल्टर श्यूहार्टने मे १९२४ मध्ये वरिष्ठांना जेमतेम पानभराचं टिपण दिलं. त्यात कंट्रोल चार्टची पहिली आकृती होती. एकाच यंत्रातून निघालेले दोन भाग तंतोतंत सारखे कधीच नसतात. मग कोणता फरक नेहमीचा समजून सोडून द्यायचा आणि कोणता दिसताच यंत्र थांबवायचं, हे त्या आलेखावरून ठरवता येऊ लागलं. कंपनीच्या शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात त्याच वर्षी प्रकाशयोजनेचे प्रयोग सुरू झाले. दिव्यांचा उजेड वाढवला की काम वाढतं का, एवढंच पाहायचं होतं. पण त्यातून निघालेली चर्चा थेट कामगारांच्या मनापर्यंत गेली. तिथल्या निष्कर्षांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले. माझ्या मते श्यूहार्टचं ते पानभर टिपण अधिक टिकाऊ ठरलं.

पुढच्याच वर्षी बेल लॅब्स ही प्रयोगशाळा उभी राहिली आणि श्यूहार्ट तिथे गेला. याच प्रयोगशाळेत क्लॉड शॅननने १९४८ मध्ये सिद्ध केलं की तारेत कितीही गोंगाट असला, तरी एका ठरावीक वेगमर्यादेच्या आत संदेश जवळजवळ बिनचूक पाठवता येतो. तसे कोड असतात, एवढं त्याने दाखवलं. ते बनवायचे कसे, हे सांगितलं नाही. त्या मर्यादेच्या अगदी जवळ जाणारे टर्बो कोड यायला १९९३ साल उजाडलं. रॉबर्ट गॅलगरने १९६०च्या सुमारास मांडलेले तितकेच ताकदीचे कोड तोवर जवळपास विस्मरणात गेले होते.

पहिलं ठोस उत्तर मात्र शॅननचा सहकारी रिचर्ड हॅमिंग याने दिलं. शनिवार-रविवारी तो रिले (विजेने चालणारे स्विच) बसवलेल्या गणकयंत्रावर कामं लावून जाई. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढचं घेई आणि सोमवारी उत्तर मिळत नसे. यंत्राला चूक कळते, तर ती कुठे आहे हे का कळू नये, या चिडीतून १९५० चा शोधनिबंध आला. समजा, १०११ हे चार अंक पाठवायचे आहेत. हॅमिंग त्यांत तीन तपासणी-अंक मिसळतो आणि ०११००११ पाठवतो. वाटेत पाचवा अंक उलटला, पोचलं ०११०१११. आता तीन गटांमध्ये १ किती वेळा आला ते मोजायचं. प्रत्येक गटात तो सम वेळा यायला हवा. पहिला गट १, ३, ५, ७ या जागांचा: तीन, चुकला. दुसरा २, ३, ६, ७ चा: चार, बरोबर. तिसरा ४, ५, ६, ७ चा: तीन, चुकला. गटांची किंमत अनुक्रमे १, २ आणि ४. चुकलेल्या गटांची बेरीज १ + ४ = ५, म्हणजे पाचवी जागा! इतकं देखणं गणित शाळेच्या फळ्यावर सहज मावतं.

फायनान्सची वाट आणखी मागे जाते. लुई बाशेलियेने १९०० मध्ये पॅरिसला दिलेल्या प्रबंधात बाजारातल्या किमतींच्या चढउताराला संभाव्यतेचं गणित लावलं. आइन्स्टाइनने ब्राउनीय गतीसाठी (द्रवातल्या सूक्ष्म कणांच्या वेड्यावाकड्या हालचालीसाठी) तसंच गणित मांडलं ते पाच वर्षांनी. अर्थतज्ज्ञांनी पुढची पन्नासेक वर्षं बाशेलियेची फारशी दखल घेतली नाही. १९५२ मध्ये हॅरी मार्कोविट्झने परतावा आणि जोखीम एकत्र तोलायची रीत मांडली. पुढे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन त्याला म्हणाले की हे अर्थशास्त्रच नव्हे. १९९० मध्ये त्याच कामासाठी त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

दोन्ही वाटा १९५६ मध्ये बेल लॅब्समध्येच एकत्र आल्या. जॉन केलीने विचारलं: निकालाची आगाऊ बातमी गोंगाटाच्या तारेतून मिळत असेल, तर पैज केवढी लावावी? बातमी शंभरात साठ वेळा खरी ठरत असेल आणि पैज बरोबरीची असेल (जिंकल्यास लावले तितकेच पैसे वर मिळत असतील), तर दर वेळी हातातल्या पैशाचा पाचवा हिस्सा. दीर्घकाळात पैसा दर डावाला सुमारे २ टक्क्यांनी वाढतो, आणि पैसा दर डावाला किती वेळा दुप्पट होतो या मापात मोजला, तर हा वेग त्या तारेच्या शॅनन-क्षमतेइतकाच, म्हणजे वर आलेल्या वेगमर्यादेइतकाच निघतो: अंदाजे ०.०२९ बिट (बिट म्हणजे ० किंवा १ या एका अंकाएवढी माहिती). संदेशवहनातला आकडा जसाच्या तसा पैशांच्या वाढीत उतरला. अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसनला हे पटलं नाही. जोखीम किती पेलायची हे प्रत्येकाच्या पसंतीवर आहे, एक सूत्र सगळ्यांना कसं लावणार, हा त्याचा आक्षेप होता. तो मला आजही वजनदार वाटतो.

मग भिंती आल्या कुठून? अमेरिकेतल्या व्यवसायशिक्षणाच्या शाळा फार वरवरचं शिकवतात, अशी टीका फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांच्या १९५९ च्या अहवालांनी केली. त्यानंतर या शाळा झपाट्याने संशोधनाकडे वळल्या. समोर नमुना होता कार्नेगी टेकच्या शाळेचा. संघटनेत माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारा हर्बर्ट सायमन आणि कंपनीच्या भांडवलरचनेवरचा (कर्ज किती आणि मालकांचा पैसा किती, यावरचा) १९५८ चा प्रसिद्ध सिद्धान्त मांडणारे मोदिग्लियानी-मिलर, सगळे तिथेच होते. पण प्रत्येक शाखेची नियतकालिकं, परिषदा आणि बढतीचे निकष हळूहळू वेगळे झाले, आणि शेजारच्या विभागातलं वाचून कुणाला बढती मिळेना.

तरी येजा थांबली नाही. स्टॅनफर्डच्या थॉमस कव्हरचा विषय माहितीसिद्धान्त, म्हणजे शॅननने सुरू केलेलं शास्त्र. मजकूर कसा आहे हे आधी ठाऊक नसतानाही त्याला उत्तम आवळून कमी जागेत बसवणाऱ्या पद्धतींची कल्पना त्याने गुंतवणुकीला लावली. बाजार कसा चालेल याचं काहीही गृहीत न धरता पैसे रोज वेगवेगळ्या शेअरांमध्ये विभागत राहायचे. दीर्घकाळात वाढीचा वेग, ठरावीक प्रमाणं कायम राखणाऱ्या आणि मागे वळून पाहता सर्वोत्तम ठरलेल्या वाटणीच्या वेगाला गाठतो, असं त्याने सिद्ध केलं. हा निबंध १९९१ मध्ये 'मॅथेमॅटिकल फायनान्स' या नव्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात छापून आला.